आठव्या दिवसाचा करार

ज्यू कुटुंबात मुलगा जन्मला की आठव्या दिवशी त्याची सुंता होते आणि त्याच वेळी त्याचे नाव पहिल्यांदा चारचौघांत उच्चारले जाते. हिब्रूत या विधीला ‘ब्रित मिला’ म्हणतात. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या तोंडी तो ‘ब्रिस’ असतो. विधी सिनेगॉगमध्ये होऊ शकतो, इस्राएलमध्ये त्यासाठी सभागृहेही भाड्याने घेतात. पण राहत्या घरी, दिवाणखान्यातले सामान भिंतीकडे सरकवून तो करण्याची रीत जगभर टिकून आहे. त्याला पुरोहित लागत नाही. राब्बी हजर असला तर आनंदच, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाचा गैरसमज नेमका तिथे होतो. या विधीमुळे बाळ ज्यू होत नाही. ज्यू आईच्या पोटी आलेले मूल परंपरेनुसार जन्मतःच ज्यू असते आणि सुंता न झालेला मुलगाही धर्मशास्त्राच्या लेखी ज्यूच राहतो. म्हणून ख्रिस्ती बाप्तिस्म्याशी केलेली तुलना इथे लागू पडत नाही. मग या विधीने घडते काय? परंपरेचे उत्तर असे की, फार पूर्वी झालेल्या एका करारात हे मूल आणले जाते. करार म्हटला की दोन पक्ष आले आणि दोघांची संमती आली. इथे तर एक पक्ष आठ दिवसांचा आहे. ज्यू विचारवंतांनी या अडचणीचा पुष्कळ विचार केला आहे. त्या तासाभराच्या घरगुती सोहळ्यात कोण काय करतो आणि कोण कुठे बसतो हे बारकाईने पाहिले, तर त्या मांडणीतही तिचे एक उत्तर सापडते.

आज्ञेचा उगम उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात आहे. देव अब्राहमशी आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांशी करार करतो, त्याची खूण म्हणून घरातल्या प्रत्येक पुरुषाची सुंता करायला सांगतो आणि त्याच प्रसंगी अब्रामचे नाव बदलून अब्राहम ठेवतो. अब्राहम तेव्हा ९९ वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा इश्माएल १३ वर्षांचा. पुढे इसहाक जन्मला, आणि आठव्या दिवशी सुंता झालेला तो पहिला मुलगा. लेवीय ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात हाच दिवस पुन्हा सांगितला आहे. मुसलमानांतली सुंताही अब्राहमशी नाते सांगते, पण तिथे दिवस असा बांधलेला नाही. नाव आणि सुंता यांची जोडी उत्पत्तीतच दिसत असली, तरी बाळाचे नाव त्या दिवशी ठेवल्याचे जुने वर्णन मिळते ते ख्रिस्ती ग्रंथात, लूकच्या शुभवर्तमानात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या सुंतेला शेजारीपाजारी आणि नातलग जमले आहेत, सगळे बाळाला बापाचेच जखऱ्या हे नाव द्यायला निघाले आहेत, आणि आई ठामपणे वेगळे नाव सांगते आहे. येशूचे नावही आठव्या दिवशीच ठेवले गेले. नाताळापासून आठवा दिवस १ जानेवारी. त्या दिवशी येशूच्या सुंतेचा सण पाळण्याची प्रथा अनेक चर्चमध्ये शतकानुशतके चालत आली.

आठ दिवस मोजायची पद्धत नीट कळायला हवी, कारण यजमानांची सगळी तयारी तिच्यावर अवलंबून असते. जन्माचा दिवस पहिला धरतात आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. सोमवारी दुपारी जन्मलेल्या मुलाची सुंता पुढच्या सोमवारी. तोच सोमवारी रात्री जन्मला तर पुढच्या मंगळवारी. विधी दिवसाउजेडीच करायचा, आणि चांगल्या कामाला उशीर नको म्हणून शक्यतो सकाळी. आठवा दिवस शब्बाथला, म्हणजे शनिवारी आला तरी सुंता होते. ज्या दिवशी विस्तव पेटवत नाहीत, लिहीत नाहीत, त्या दिवशीही हा करार थांबत नाही. योम किप्पूरच्या उपासातही तो होतो. मात्र शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असेल, किंवा मूल संधिप्रकाशात जन्मल्यामुळे दिवस नक्की ठरत नसेल, तर शब्बाथ मोडत नाहीत. एकदा पुढे ढकललेली सुंताही शब्बाथला करत नाहीत. सात दिवस थांबायचे कशासाठी, यावर तालमूद या राब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात राब्बी शिमोन बार योखाई यांचे एक हृद्य मत आहे. मुलाच्या जन्मानंतर आई सात दिवस अशौचात असते, पतिपत्नींना दूर राहावे लागते. पाहुणे आनंदात आणि आईबाप उदास असे होऊ नये, म्हणून आठवा दिवस. दुसऱ्या एका कथेत थांबण्याचे कारण असे दिले आहे की बाळाच्या वाट्याला निदान एक शब्बाथ यावा.

बाळाची प्रकृती हा याहून वरचा नियम. अंगात ताप असेल, कावीळ जास्त असेल, वजन फार कमी असेल, तर सुंता पुढे जाते, आणि सर्वांगाला ग्रासणारा आजार होऊन गेला असेल तर बरे झाल्यावर पुरते सात दिवस थांबतात. तालमूदच्या येवामोत या भागात असा निर्णय आहे की, एका आईचे दोन मुलगे सुंतेमुळे दगावले असतील तर तिसऱ्याची सुंता करू नये. रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराची ही जगातल्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक मानली जाते. बाराव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि वैद्य मैमोनिडीस याने त्यात भर घातली की, त्या मुलांचे बाप वेगवेगळे असले तरी नियम तोच. दोष आईकडून येतो, एवढे त्याला उमगलेले होते. सुंता नंतर करता येते, गेलेला जीव परत आणता येत नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले. ही खबरदारी परंपरेच्या आतूनच आलेली आहे, आधुनिक वैद्यकाने ती लादलेली नाही.

सुंता करण्याची जबाबदारी बापाची. तालमूदने बापाच्या कर्तव्यांची यादी दिली आहे: मुलाची सुंता करावी, तो पहिला असेल तर त्याला विधिपूर्वक सोडवून घ्यावे, तोरा हे धर्मशास्त्र शिकवावे, लग्न लावून द्यावे, धंदा शिकवावा, कोणी त्यात पोहायला शिकवणेही घालतात. बापाने टाळले तर भार समाजाच्या न्यायसभेवर, आणि तिनेही टाळले तर वयात आल्यावर त्या मुलावर. बहुतेक बापांना हे काम येत नसल्याने ते ‘मोहेल’ला आपला प्रतिनिधी नेमतात. मोहेल म्हणजे सुंतेचे शास्त्र आणि हातोटी दोन्ही शिकलेला माणूस. पिढीजात मोहेल असतात, तसे डॉक्टर असलेलेही असतात. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने १९८४ पासून डॉक्टरांना मोहेल म्हणून तयार करायला सुरुवात केली आणि त्यांत स्त्रियाही आल्या. याला बायबलात आधार नाही असे म्हणता येणार नाही: निर्गमच्या चौथ्या अध्यायात मोशेची पत्नी सिप्पोरा हिने गारगोटीच्या धारेने स्वतः मुलाची सुंता केली आहे.

घरी विधी ठेवणाऱ्यांना मोहेल आधी बाळाला पाहून घेतो आणि काय काय लागेल ते सांगतो. उजेडाची जागा, कंबरेइतक्या उंचीचे भक्कम टेबल, घट्ट उशी, स्वच्छ लंगोट, गॉझ, मलम, गोड कोशेर वाइन आणि एक पेला. दोन खुर्च्या वेगळ्या ठेवायच्या. आमंत्रणाची रीत मात्र निराळी आहे. या जेवणाला बोलावून न जाणे हा मोठा दोष, अशी तालमूदच्या एका वचनाची फोड मध्ययुगीन टीकाकारांनी केली. त्यामुळे पुष्कळ घरांत कोणाला ‘या’ म्हणतच नाहीत. अमुक दिवशी, अमुक वेळी आमच्याकडे ब्रित आहे, एवढेच कळवतात. येणाऱ्याने आपणहून यावे आणि ज्याला जमत नाही त्याच्या माथी दोष चढू नये, हा त्यामागचा विचार. दहा प्रौढांचा ‘मिन्यान’ जमला तर उत्तम; न जमल्यास विधी अडत नाही.

सोहळा खरे तर आधीच सुरू झालेला असतो. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपीय परंपरेच्या घरांत, जन्मानंतरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री जेवणे आटोपल्यावर लोक बाळाला भेटायला येतात. त्यांच्यापुढे उकडलेले, मीठमिरी लावलेले हरभरे ठेवतात. वाटोळे कडधान्य हे शोकाचे अन्न, आणि ते आनंदाच्या रात्री कशासाठी याचे उत्तर तालमूदातल्या एका कथेत शोधतात: गर्भात मुलाला सगळी तोरा शिकवलेली असते, जन्मताना देवदूत त्याच्या ओठांवर चापट मारतो आणि ते सारे विसरते. त्या विसरलेल्या विद्येसाठी हे हरभरे. सुंतेच्या आदल्या रात्री पाळण्याभोवती मुले जमून प्रार्थना म्हणतात. सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालच्या, आणि पूर्वेकडच्या समाजांत त्या रात्री झोहार या गूढ ग्रंथातले उतारे वाचत जागतात.

सकाळी पाहुणे जमले की बाळ आईकडून निघते आणि हातोहात पुढे येते. नेणारे बहुधा एक जोडपे असते, आणि ज्यांना मूल नाही अशा जोडप्याला हा मान देण्याची प्रथा आहे. जमलेले लोक उभे राहून बाळाचे स्वागत करतात. दोन खुर्च्यांपैकी एक रिकामी असते. ती एलिया संदेष्ट्याची. बाळाला क्षणभर तिच्यावर ठेवतात. ‘पिर्के दे-राब्बी एलिएझर’ या जुन्या ग्रंथातली कथा अशी: प्राचीन इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्यात लोकांनी सुंता सोडली, तेव्हा एलियाने देवाकडे गाऱ्हाणे केले की तुझ्या लोकांनी करार मोडला. त्यावर देवाने त्याला सांगितले की यापुढे जिथे जिथे सुंता होईल तिथे तू हजर राहशील आणि आपल्या डोळ्यांनी पाहशील. लोकांवर आरोप करणाऱ्यालाच साक्षीला बसवणारी ही शिक्षा विलक्षण आहे. प्रत्येक घरात तो येतो आणि प्रत्येक घरात त्याचे गाऱ्हाणे खोटे ठरते.

दुसऱ्या खुर्चीवर ‘संदेक’ बसतो. तो बाळाला मांडीवर धरतो, आणि हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा मान. बहुधा आजोबांकडे जातो. मध्ययुगीन जर्मनीतल्या आचारग्रंथांत संदेकच्या मांड्यांना मंदिरातल्या वेदीची उपमा दिली आहे. जेरुसलेमचे मंदिर इ. स. ७० मध्ये पडले, धूप जाळण्याची वेदी गेली, आणि तिची जागा दिवाणखान्यातल्या आजोबांच्या मांडीने घेतली. ज्यू धर्माने घराला दिलेले महत्त्व याहून थोडक्यात सांगता येणार नाही. बायका या जागेपासून नेहमीच दूर होत्या असेही नाही. तेराव्या शतकात जर्मनीत आया बाळाला सजवून सिनेगॉगमध्ये आणत आणि त्यांच्या मांडीवर सुंता होई. रोथेनबुर्गच्या राब्बी मेईर यांनी हरकत घेतल्यावर ही प्रथा मागे पडत गेली. आज अनेक घरांत आजी पुन्हा त्या खुर्चीवर बसते.

प्रत्यक्ष सुंतेला फार वेळ लागत नाही. मोहेल आज्ञेचा आशीर्वाद म्हणतो आणि अग्रत्वचा कापतो. त्याखालचे पातळ आवरण मागे सारतो. मग जखमेतले रक्त ओढून घेतो. त्वचा कापताच बाप आपला आशीर्वाद म्हणतो, मुलाला अब्राहमच्या करारात आणल्याबद्दलचा. जमलेले सगळे एका आवाजात उत्तर देतात की, हा जसा करारात आला तसाच पुढे तोरेत, लग्नाच्या मांडवात आणि सत्कृत्यांत प्रवेश करो. रक्त ओढण्याची तिसरी पायरी पूर्वी तोंडाने होत असे. एकोणिसाव्या शतकात आरोग्याच्या प्रश्नावरून वाद पेटला, पुष्कळ राब्बींनी काचेची नळी किंवा गॉझ चालेल असे ठरवले आणि आज बहुसंख्य मोहेल तसेच करतात. काही कडव्या हसिदी समाजांत तोंडानेच करण्याचा आग्रह आहे. त्यातून नवजात बाळांना हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूची घातक लागण झाल्याच्या घटना न्यूयॉर्कमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. जिथे मैमोनिडीसने जीव आधी ठेवला, तिथे ही पद्धत धरून ठेवण्याला परंपरेचा आधार पुरेसा वाटत नाही. कापलेली त्वचा मातीत पुरतात.

आता नाव. पेल्यावर वाइनचा आशीर्वाद होतो आणि एक प्रार्थना म्हणतात, जिच्यात या मुलाला त्याच्या आईबापांसाठी सुखरूप ठेव अशी विनवणी असते आणि त्याच वाक्यात त्याचे हिब्रू नाव, अमक्याचा मुलगा अमका, असे पहिल्यांदा घेतले जाते. तोवर नाव गुप्त ठेवण्याची रीत आहे. मध्येच बाळाच्या ओठांना वाइनचे बोट लावतात. अश्केनाझी घरांत नाव दिवंगत आप्ताचे असते, जिवंत माणसाचे ठेवायला लोक बिचकतात. सेफार्दी घरांत हयात आजोबांचे नाव नातवाला देणे हा उलट आजोबांचा सन्मान. एकाच लग्नात या दोन परंपरा एकत्र आल्या की घरात बरीच चर्चा होते. उदारमतवादी पंथ बापाबरोबर आईचेही नाव जोडतात. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना मात्र सनातनी लोकही माणसाला आईच्याच नावाने ओळखतात.

नंतरचे जेवण हा विधीचाच भाग आहे, शिष्टाचार नव्हे. अमेरिकेत बेगेल, मासे, अंडी, केक असा सकाळचा बेत असतो. मोरोक्को किंवा इराकच्या घरांत सुगंधी पाला किंवा गुलाबपाणी फिरवतात, त्याचाही आशीर्वाद आहे. जेवणानंतरच्या प्रार्थनेत आईबाप, संदेक, मोहेल आणि बाळ यांच्यासाठी जादा कडवी म्हणतात. पण एक ओळ मुद्दाम गाळतात. लग्नाच्या जेवणात देवाच्या घरी आनंद आहे असे म्हणायचे असते. सुंतेच्या जेवणात ते म्हणत नाहीत, कारण बाळाला वेदना झालेली आहे. हे तालमूदात नोंदलेले आहे. आनंदाचा सोहळा करणाऱ्यांनी त्या रडण्याकडे पाठ फिरवली नाही, प्रार्थनेतच त्याला जागा ठेवली. आज भूल देणारे मलम किंवा इंजेक्शन वापरावे का, यावर मतभेद आहेत, पण अनेक राब्बी त्याला परवानगी देतात. जर्मन ज्यूंमध्ये सुंतेच्या वेळी बाळाखाली असलेले कापड धुऊन, त्याच्या पट्ट्या शिवून, त्यावर मुलाचे नाव आणि जन्मतारीख भरतात. मूल थोडे मोठे झाले की ती पट्टी सिनेगॉगमधल्या तोरेच्या गुंडाळीला बांधायला देतात.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास या विधीच्या चिवटपणाचा मोठा पुरावा आहे. रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक कित्येक शतके इतर ज्यूंपासून तुटलेले होते. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते. तरी शब्बाथ, अन्नाचे काही नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता एवढे त्यांनी टिकवले. नावे कोकणात मुरली: एझेकिएलचा हसाजी झाला, बेंजामिनचा बनाजी, सॅम्युएलचा सामाजी, अब्राहमचा अबाजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये उभारणारे सॅम्युएल एझेकिएल दिवेकर हे लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. एलियावर तर या समाजाची विशेष भक्ती आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावात खडकावरची खूण त्याच्या रथाची मानतात, आणि सुंता, लग्न, नवस फेडणे अशा प्रसंगी त्याच्या नावाने घरी मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळे आणि एलियाहू हन्नाबीचे गाणे. रिकाम्या खुर्चीवरच्या पाहुण्याला इथे ताटही मिळाले.

करार आणि संमती यांचा प्रश्न तत्त्वज्ञांनी निरनिराळ्या बाजूंनी हाताळला. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या फिलोने सुंतेची कारणे देताना स्वच्छतेसारख्या जुन्या कारणांबरोबर दोन प्रतीकार्थ सांगितले: वासनेचा अतिरेक कापणे, आणि आपणच निर्माते आहोत हा गर्व कापणे. मैमोनिडीसनेही वासना मंदावण्याचे कारण दिले, पण एकाच देवावर विश्वास असणाऱ्यांची समान शारीरिक खूण हे त्याचे दुसरे कारण अधिक टिकाऊ आहे. बालपणीच का, याचे त्याचे उत्तर मानसशास्त्रीय आहे: मूल मोठे झाले तर कदाचित करणार नाही, बाळाला मोठ्याइतका त्रास होत नाही, आणि आईबापांचे मुलावरचे प्रेम वाढत गेले की त्यांचाच हात उचलणार नाही. मिद्राश या बायबलवरच्या कथाभाष्यांत राब्बी अकिवा आणि रोमन अधिकारी तुर्नुस रुफुस यांचा संवाद आहे. देवाची करणी सुंदर की माणसाची, असा प्रश्न रुफुस टाकतो. देवाला सुंता हवी होती तर मूल तसेच का जन्मत नाही, हे त्याला पुढे विचारायचे आहे. अकिवा गव्हाच्या लोंब्या आणि भाजलेल्या पोळ्या त्याच्यापुढे ठेवतो. सृष्टी अपुरी सोडलेली आहे आणि ती पुरी करणे माणसाकडे आहे, असा त्याचा आशय. हे उत्तर सुंतेपुरते राहत नाही. शेती, वैद्यक, शिक्षण सगळेच त्यात येते. आणि तोरेतच सांगितले आहे की सुंता हृदयाचीही करायची असते. प्रेषित पौलाने ख्रिस्ती होणाऱ्या परकीयांसाठी शारीरिक सुंता अनावश्यक ठरवली ती हाच धागा पकडून. ज्यू परंपरेने मात्र हृदय आणि शरीर यांतले एक निवडायला नकार दिला.

ही खूण अंगावर वागवण्याची किंमत ज्यूंनी मोजली आहे. इ. स. पू. १६७ च्या सुमाराला ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने सुंतेवर बंदी घातली आणि मुलांची सुंता करणाऱ्या आयांना बाळांसह मारले गेले, असे मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात आहे. रोमन सम्राट हेड्रियनच्या काळात पुन्हा बंदी आली. त्याच्यामागून आलेल्या अँटोनायनस पायस याने ज्यूंना स्वतःच्या मुलांपुरती मोकळीक दिली. नाझी राजवटीत लपून राहिलेल्या मुलग्यांना याच खुणेने पकडून दिले. सोव्हिएत रशियात विधी चोरून होई, आणि तिथून बाहेर पडल्यावर कित्येक प्रौढांनी सुंता करून घेतली. या शेवटच्या उदाहरणात संमती पूर्ण आहे, करार तोच आहे. तत्त्वज्ञ स्पिनोझाने १६७० मध्ये लिहिले की ही एक खूण ज्यू राष्ट्राला कायम टिकवायला पुरेशी आहे. स्वतः समाजाबाहेर टाकलेल्या माणसाचा हा अभिप्राय आहे.

आधुनिक आक्षेप बाहेरून आले तसे आतूनही आले. १८४३ मध्ये फ्रँकफर्टच्या सुधारक ज्यूंनी सुंता सक्तीची नसावी असा सूर लावला आणि मोठे वादळ उठले. मे २०१२ मध्ये कोलोनच्या न्यायालयाने एका मुसलमान मुलाच्या खटल्यात, धार्मिक कारणाने केलेली सुंता ही शारीरिक इजा ठरते असा निकाल दिला. डिसेंबरात जर्मन संसदेने कायदा करून पालकांचा हक्क मान्य केला आणि पहिल्या सहा महिन्यांत प्रशिक्षित मोहेललाही मुभा दिली. २०१८ मध्ये आइसलँडच्या संसदेत आलेले बंदीचे विधेयक मंजूर झाले नाही. मुलाच्या शरीरावर त्याचाच अधिकार, हा आक्षेप हलका नाही आणि काही ज्यू पालकही त्या जाणिवेने सुंतेवाचून नामकरण करतात. त्यावरचे भक्कम उत्तर असे आहे की भाषा, नाव, कुटुंब, देश यांतले काहीच माणूस संमतीने घेत नाही, आणि आईबापांनी काहीही न देणे हीदेखील मुलासाठी केलेली निवडच असते. तरी भाषा विसरता येते, ही खूण पुसता येत नाही. हा फरक त्या उत्तराने मिटत नाही. विधीच्या मांडणीत याची जाणीव दिसते. बाळाकडून काही वदवून घेत नाहीत. शब्द देतो तो बाप, धरतो तो आजोबा, पुढे तोरा आणि सत्कृत्ये यांच्यापर्यंत नेण्याची इच्छा बोलतात ते शेजारी. त्या सकाळी बांधले जातात ते मोठेच.

मग मुलीचे काय, हा प्रश्न उरतो. तालमूदमध्ये एक मत आहे की स्त्री जन्मतःच सुंता झाल्यासारखी. म्हणजे ती करारात आहेच. तिचे नाव बहुतेक समाजांत सिनेगॉगमध्ये तोरावाचनाच्या वेळी, पुष्कळदा आई आणि बाळ घरी असताना, बाप जाहीर करी. पण मुलीसाठी घरगुती सोहळे अजिबात नव्हते असे नाही. सेफार्दी समाजांत ‘झेवेद हाबात’ आहे, ज्यात आईच्या सुखरूप प्रसूतीबद्दल आभार मानून मुलीला नाव देतात. अल्सास आणि दक्षिण जर्मनीत गावातली मुले बाळाचा पाळणा उचलून मोठ्याने नाव पुकारत. बेने इस्राएलांत मुलीला पाळण्यात घालून नाव ठेवतात, आणि त्या खोलीत मराठी माणसाला काहीच परके वाटणार नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ज्यू स्त्रियांनी मुलींसाठी करारविधी नव्याने रचायला घेतला. कोणी बाळाला प्रार्थनेच्या शालीत गुंडाळतात, कोणी पाय धुतात, कारण सुंतेनंतर दारी आलेल्या पाहुण्यांचे पाय धुवायला अब्राहमने पाणी आणवले होते. एलियाची खुर्चीही काही घरांत मांडतात. पाठ ठरलेला नसल्याने आईबाप स्वतः प्रार्थना निवडतात आणि ज्या आजीचे किंवा पणजीचे नाव दिले तिच्याविषयी बोलतात. दिवसाबद्दलही एकमत नाही: कोणी आठवा धरतात, कोणी तिसावा, तर कोणी आईला उठबस झेपेल तो.